जुना मॅक उघडायच्या आधी

माळ्यावरून काढलेला मॅकबुक घेऊन कोणी घरी आलं की मी आधी एकच विचारतो, साल कोणतं? उत्तर ठरलेलं असतं: "दहा-बारा वर्षं झाली असतील, भावजींनी अमेरिकेहून आणला होता." एवढ्यावर काहीच ठरत नाही. २०१२च्या एका तेरा इंची मॅकबुक प्रोमध्ये रॅम, डिस्क, बॅटरी सगळं घरच्या टेबलावर बदलता येतं. त्याच वर्षी निघालेल्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये मात्र रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली आणि बॅटरी गोंदाने चिकटवलेली. वरून पाहिलं तर सख्खे भाऊ वाटतात. चुकीच्या भावासाठी रॅम आणलीत, तर पुण्याच्या तपकीर गल्लीतला दुकानदार ती परत घेईलच असं नाही.

हा लेख पहिल्यांदाच स्क्रू ड्रायव्हर हातात घेणाऱ्यांसाठी आहे. शेवटी गेमबॉय आणि पीएसपी हे हातातले व्हिडिओ गेम, पाम ही खिशातली डिजिटल डायरी अशा जुन्या हातातल्या यंत्रांबद्दलही लिहिलंय. कपाट उपसलं की मॅकच्या मागोमाग तीही निघतात, आणि त्यांना लागणारी हत्यारं जवळजवळ तीच असतात.

यंत्राची कुंडली

मॅक चालू होत असेल तर वर डाव्या कोपऱ्यातल्या सफरचंदावर क्लिक करा आणि 'अबाउट धिस मॅक' उघडा. नावासोबत साल आणि कधी कधी 'मिड', 'लेट', 'अर्ली' असा शब्द असतो. तो संपूर्ण लिहून घ्या. चालू होत नसेल तर यंत्र पालथं करून बारीक अक्षरातला मॉडेल क्रमांक वाचा, पण त्यावर एकट्यावर विसंबू नका. ए१२७८ हा एकच क्रमांक २००८ पासून २०१२ पर्यंतच्या कितीतरी तेरा इंची यंत्रांवर छापलेला आहे. खात्री होते ती सीरियल नंबरवरून. तो ॲपलच्या वॉरंटी तपासणीच्या पानावर टाकला की नेमकं मॉडेल कळतं.

आता काय बदलता येतं ते पाहू. २०१२चा साधा, डीव्हीडी ड्राइव्हवाला मॅकबुक प्रो असेल तर नशीब काढलंत, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो; पुढे '२०१२चा मॅकबुक प्रो' म्हणजे हाच. २०१३ ते २०१७ या काळातल्या मॅकबुक एअरची रॅम बदलत नाही, पण एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बदलते. सत्तावीस इंची इंटेल आयमॅकला (२०१२ ते २०२०) मागे छोटं दार आहे, त्यातून रॅम पाच मिनिटांत बसते. साडेएकवीस इंचीला ते दार नाही, तिथे काच सोडवावी लागते; ते पहिल्या प्रयत्नात करू नका. मॅक मिनी गमतीशीर आहे: २०१२ची रॅम बदलते, २०१४ची बदलत नाही, २०१८ची बदलते पण घाम काढते. २०१६ नंतरच्या बहुतेक मॅकबुक प्रोमध्ये रॅम आणि एसएसडी दोन्ही बोर्डावरच. आणि नोव्हेंबर २०२०मध्ये ॲपलची स्वतःची एम१ चिप आल्यापासून रॅम प्रोसेसरच्याच पाकिटात बसते, त्यामुळे तो विषयच संपला.

जुना मॅक विकत घेणार असाल तर आणखी एक गोष्ट पाहा. हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांमधून निवृत्त झालेले मॅक पुण्यात बरेच फिरतात. दिसायला झकास, किंमतही वाजवी. पण ते कंपनीच्या नोंदीतून काढलेले नसतील, तर घरी आणून नवीन मॅकओएस (मॅकची ऑपरेटिंग सिस्टिम) टाकल्यावर 'रिमोट मॅनेजमेंट'चा पडदा समोर येतो आणि यंत्र अजूनही कंपनीचंच आहे असं कळतं. म्हणून विकणाऱ्यासमोरच डिस्क पुसायला सांगा, वायफाय जोडा आणि सुरुवातीची मांडणी डेस्कटॉपपर्यंत होऊ द्या. आधीच्या मालकाचा ॲपल आयडी काढलेला नसेल तर ॲक्टिव्हेशन लॉक, म्हणजे ॲपलचं चोरीविरोधी कुलूप, तेही तिथेच लक्षात येतं. अर्धा तास जातो. चहा घ्या.

बॅकअप, मग बाकी सगळं

बाहेरची हार्ड डिस्क जोडा, टाइम मशीन हे मॅकमधलंच बॅकअपचं सॉफ्टवेअर चालू करा, पूर्ण होऊ द्या. नंतर बॅकअपमधून दोन-चार फोटो उघडून पाहा. 'झालाय' असं मॅक सांगतो ते ठीक आहे, पण फोटो उघडणं हाच पुरावा. आणि हे काम गुरुवारी काढू नका. महावितरणची देखभाल निघाली आणि जुन्या बॅटरीने अर्ध्यात मान टाकली तर बॅकअपही गेला आणि दिवसही.

हत्यारं

तीन-चारच लागतात. बारीक फिलिप्स (डबल झिरो), टॉर्क्स टी६, मॅकबुक एअरसाठी पाच पाकळ्यांचा पेंटालोब पी५ आणि बॅटरीसाठी तीन पात्यांचा ट्राय-विंग. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत किंवा पासोड्या विठोबाच्या आसपास मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे याचे संच मिळतात. सगळ्यात स्वस्त संच घेऊ नका. मऊ लोखंडाचं टोक एकाच स्क्रूत घसरतं, स्क्रूचं डोकं गोल होतं आणि मग कोणाच्याच हाती काही राहत नाही. प्लॅस्टिकची चपटी पट्टी घ्या. नाही मिळाली तर जुन्या एटीएम कार्डाचा तुकडा चालतो.

स्क्रू ठेवायला मी घरातला जुना मिसळणाचा डबा वापरतो. सात वाट्या, प्रत्येक पायरीचे स्क्रू वेगळ्या वाटीत. २०१२च्या मॅकबुक प्रोच्या तळाला दहा स्क्रू असतात, त्यातले तीन लांब आणि सात आखूड. पहिल्यांदा मी सगळे एकाच बशीत टाकले होते. परत लावताना लांब स्क्रू आखूड जागी गेला, डोकं वर राहिलं, आणि मी ते जोर लावून बसवायला गेलो. त्या भोकाचे आटे गेले ते गेलेच. आता माझ्या मॅकचा एक कोपरा कायमचा मोकळा आहे.

एसएसडी: एकच काम करणार असाल तर हे करा

जुना मॅक संथ झाला की लोक आधी रॅम घेतात. माझं मत उलटं आहे. ज्या मॅकमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क आहे त्याला एसएसडी लावल्यावर जो फरक पडतो, तो दुसऱ्या कशाने पडत नाही. कारण साधं आहे. २०१७च्या हाय सिएरा या मॅकओएसपासून ॲपलने एपीएफएस ही फाइल मांडणी आणली आणि ती एसएसडी डोळ्यांसमोर ठेवून बेतलेली आहे. फिरत्या डिस्कवर तिचे तुकडे इकडे-तिकडे विखुरतात, आणि सुई दिवसभर वाऱ्या करत बसते.

२०१२च्या मॅकबुक प्रोला अडीच इंची साधी साटा एसएसडी लागते, बाजारात सर्रास मिळते. तिच्याबरोबर यूएसबी केसिंगही, म्हणजे डिस्क बाहेरून जोडायची डबी, घ्या. एसएसडी लगेच आत बसवू नका. आधी केसिंगमध्ये घालून बाहेरूनच जोडा. डिस्क युटिलिटी उघडा, 'व्ह्यू'मधून 'शो ऑल डिव्हाइसेस' निवडा. हे विसरलात तर वरची मूळ डिस्क दिसतच नाही आणि पुढे सगळं अडतं. मूळ डिस्क निवडून 'इरेज' करा, फॉरमॅट एपीएफएस, स्कीम जीयूआयडी पार्टिशन मॅप. मग मॅकओएसचा इन्स्टॉलर चालवा आणि इन्स्टॉल कुठे करायचं विचारलं की ही नवी डिस्क दाखवा. शेवटी तो जुना डेटा आणायचा का विचारतो, तेव्हा टाइम मशीन दाखवा.

मॅक बंद करून ऑप्शन कळ दाबून धरत चालू करा. डिस्कांची यादी येईल. बाहेरची एसएसडी निवडून मॅक नीट चालतोय ना ते दिवसभर वापरून पाहा. हा एक दिवस पुढे तुमचा आठवडा वाचवेल, ते कसं ते खाली सांगतो.

आता पाना फिरवायचा. मॅक पूर्ण बंद करा, चार्जर काढा, टेबलावर मऊ पंचा पसरा. तळाचे दहा स्क्रू काढून झाकण उचला. आत दिसणारी सगळ्यात मोठी काळी वस्तू म्हणजे बॅटरी. तिचा बोर्डाला जोडलेला कनेक्टर प्लॅस्टिकच्या पट्टीने सरळ वर उचला. तो सुटल्याशिवाय आत कशालाही हात लावायचा नाही, या नियमाला अपवाद नाही. मग हार्ड डिस्कशेजारची छोटी पट्टी दोन फिलिप्स स्क्रू सोडवून काढा, डिस्क वर उचला आणि तिची चपटी केबल हलक्या हाताने सोडवा. डिस्कच्या बाजूंना चार खुंट्यांसारखे टॉर्क्स स्क्रू असतात. ते जुन्या डिस्कवरून काढून एसएसडीला लावायचे, त्यांच्यावरच ती जागेवर बसते. लोक हे विसरतात आणि मग आत काहीतरी खुळखुळतं.

सगळं उलट क्रमाने लावा आणि चालू करा. आता तो वाचलेला आठवडा. चालू झाल्यावर प्रश्नचिन्हाचं फोल्डर लुकलुकलं, किंवा मॅक मधेच अडकत असेल, तर एसएसडीला दोष देऊ नका. कालपर्यंत ती बाहेरून उत्तम चालली होती. मग राहिली ती केबल. या मॉडेलची डिस्कची केबल झिजण्यासाठी प्रसिद्धच आहे: पातळ पट्टी, खाली ॲल्युमिनियमची कड, आणि बारा-तेरा वर्षांची गरमी. केबल स्वतंत्र मिळते आणि स्वस्त असते. बाहेरून चाचणी केली नसती तर तुम्ही एसएसडी बदलून आणायला दोन खेपा घातल्या असत्या.

मॅकबुक एअरची गोष्ट थोडी वेगळी. तिथे ॲपलचा स्वतःचा कनेक्टर आहे. बारीकशा अडॅप्टरवर साधी एनव्हीएमई (पट्टीसारखी) एसएसडी बसते, पण त्याआधी जुन्या डिस्कवर एकदा हाय सिएरा किंवा त्यापुढचं मॅकओएस चढलेलं हवं. नवी डिस्क ओळखणारं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, त्यातूनच येतं. आधी सॉफ्टवेअर, मग स्क्रू.

रॅम आणि बॅटरी

२०१२च्या मॅकबुक प्रोला ॲपलच्या कागदावर ८ जीबीची मर्यादा आहे, प्रत्यक्षात १६ जीबी चालते. डीडीआर३, १६०० मेगाहर्ट्झ, लॅपटॉपची. ८-८च्या दोन पट्ट्या. बाजूचे चिमटे बाहेर ओढले की जुनी पट्टी तिरकी वर येते. नवीही तशीच तिरकी आत सरकवून खाली दाबायची. नंतर मॅकने तीन-तीन बीप दिले तर घाबरू नका, पट्टी अर्धवट बसली आहे. काढून पुन्हा जोरात सरकवा.

बॅटरीचं लक्षण ट्रॅकपॅडवर कळतं. क्लिक जड झाली, तळाचं झाकण जरा उचललेलं वाटलं, तर आतली बॅटरी फुगली आहे. अशी यंत्रं चार्जिंगला लावू नका. फुगलेली बॅटरी टोचून पाहायची नाही, दाबायची नाही, आणि सकाळी सुक्या कचऱ्याच्या बादलीत तर अजिबात टाकायची नाही. ती ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या. फुगलेली नसेल तर 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये 'पॉवर'खाली सायकल काउंट पाहा, म्हणजे बॅटरीचा पूर्ण चार्ज आजवर किती वेळा वापरला तो आकडा. गेल्या पंधरा वर्षांतल्या मॅकबुकच्या बॅटऱ्या बहुधा १००० सायकलपर्यंत धरलेल्या असतात. बाजारात 'ओरिजिनल' म्हणून मिळणाऱ्या बॅटऱ्यांवर मी तरी विश्वास ठेवत नाही. एका दुकानातून घेतलेली माझी 'ओरिजिनल' सात महिन्यांत मुकी झाली. वॉरंटी लेखी मागा. जो द्यायला का-कू करतो, त्याच्याकडून घेऊ नका.

कोणतं मॅकओएस?

सगळ्यात नवं ते सगळ्यात चांगलं, असं इथे नसतं. २०१२च्या मॅकबुक प्रोला ॲपलने कॅटालिनापर्यंत नेलं, २०१७च्या एअरला मॉन्टेरेपर्यंत. ॲपलचे सुरक्षा अपडेट साधारणपणे ताज्या तीन आवृत्त्यांनाच मिळतात, म्हणजे ही दोन्ही यंत्रं आता वाऱ्यावर आहेत. २०२५मध्ये आलेलं टाहो, म्हणजे मॅकओएस २६, हे इंटेल मॅकवर चालणारं शेवटचं, आणि तेही २०१९-२०च्या मोजक्याच मॉडेलांवर.

यातून वाट काढणारं, म्हणजे ॲपलने सोडून दिलेल्या मॅकवर नवं मॅकओएस चालवणारं, 'ओपनकोर लेगसी पॅचर' हे फुकट सॉफ्टवेअर आहे. १६ जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह घ्यायचा, पॅचरकडूनच हवं ते मॅकओएस उतरवून त्यावर इन्स्टॉलर बनवायचा, त्याच पेनड्राइव्हवर ओपनकोर चढवायचं आणि ऑप्शन कळ धरून तिथून चालू करायचं. इन्स्टॉल झालं की ओपनकोर आतल्या डिस्कवरही चढवा, आणि मग 'रूट पॅच' लावा. ही शेवटची पायरी चुकली तर पडदा संथ, खिडक्या अडखळत उघडतात आणि लोक म्हणतात, "बघा, जुन्या मॅकला झेपलं नाही." बिचाऱ्याला ग्राफिक्सचा ड्रायव्हरच मिळालेला नसतो. मॅकओएसचा प्रत्येक मोठा अपडेट हे पॅच पुसून टाकतो, म्हणून ऑटोमॅटिक अपडेट बंद ठेवा. पॅच लावायला ॲपलची काही सुरक्षा कुलपं सैल करावी लागतात, हेही डोक्यात असू द्या. ज्या मॅकवर बँकेचे व्यवहार आणि ऑफिसचं काम चालतं, त्यावर मी हा प्रयोग करणार नाही. १६ जीबी आणि एसएसडी असलेल्या २०१२च्या प्रोवर मॉन्टेरे मला सर्वांत सोयीचं वाटलं, पण सुरक्षा अपडेट आता त्यालाही मिळत नाहीत.

मात्र घाईघाईत जुनं टाकूही नका. कॅटालिनापासून ३२ बिटची सॉफ्टवेअरं बंद झाली. घरात जुना स्कॅनर किंवा जुनं छपाईचं सॉफ्टवेअर असेल तर त्याआधीचं मोहावी असलेली एक वेगळी डिस्क जपून ठेवा.

आणि नवा मॅक घेणार असाल तर एकच. रॅम घेतानाच ठरवा, नंतर कोणीही वाढवून देऊ शकत नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये ॲपलने कमीत कमी १६ जीबी द्यायला सुरुवात केली आणि बहुतेकांना ती पुरते. त्याआधीचे ८ जीबीवाले एम१, एम२ सेकंडहँडमध्ये स्वस्त दिसतील. त्यांत रॅम वाढत नाही हे लक्षात ठेवून भाव करा. जागा कमी पडली तर बाहेरून एसएसडी लावता येते, त्यासाठी ॲपलला जास्तीचे पैसे मोजू नका.

आता कपाटातला दुसरा खण

या एम मालिकेच्या चिपचं मूळ एका फसलेल्या यंत्रात आहे. ॲपलने १९९३मध्ये 'न्यूटन मेसेजपॅड' काढला, हातात धरून लेखणीने लिहायचा. हस्ताक्षर ओळखण्यावरून त्याची भरपूर टिंगल झाली आणि १९९८मध्ये तो बंद पडला. पण त्याच्या आत एआरएम जातीचा प्रोसेसर होता, आणि ती एआरएम कंपनी १९९०मध्ये स्थापन करणाऱ्या तिघांपैकी ॲपल एक होती. आजच्या एम चिपा त्याच घराण्यातल्या. आपल्याकडेही बेंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी 'सिम्प्युटर' नावाचं हातातलं यंत्र बनवलं, २००४मध्ये तो अमिडा नावाने बाजारात आला. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी तो दिसला तर मला कळवा, मी वर्षानुवर्षं शोधतोय.

तिथे जास्त करून गेमबॉय, पीएसपी, एखादा पाम आणि 'नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव इन वन' ब्रिक गेम सापडतो. विकत घेण्याआधी सेलचं झाकण उघडा. आत पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर सेल गळला आहे. भाव पाडा, पण सोडून देऊ नका, हे बहुधा साफ होतं. कोणता सेल गळला ते महत्त्वाचं. आपले स्वस्त पेन्सिल सेल झिंक-कार्बनचे, त्यांचा द्राव आम्लधर्मी; त्यावर खाण्याच्या सोड्याची पातळ पेस्ट. अल्कलाइन सेल असेल तर उलट, त्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर. इअरबडने घासा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, दिवसभर सुकू द्या. पावसाळ्यात दोन दिवस.

गेम अडकतोय म्हणून कार्ट्रिजमध्ये फुंकर मारू नका. लहानपणी व्हिडिओ गेमच्या कॅसेटमध्ये आपण सगळ्यांनीच मारली आहे, आणि चालायचीही. चालायची ती पुन्हा नीट बसवल्यामुळे; फुंकरीतली ओल संपर्काच्या पट्ट्यांना गंज चढवते. अल्कोहोल आणि इअरबड, बास. गेमबॉयच्या बऱ्याच कार्ट्रिजमध्ये सेव्ह जपणारा नाण्यासारखा सेल सोल्डर केलेला असतो. तो काढला की जुना सेव्ह गेला. म्हणून आधी यूएसबी कार्ट्रिज रीडर लावून मॅकवर सेव्ह उतरवून घ्या, मग सोल्डरिंगला हात घाला. जुन्या पामचंही असंच, पण आणखी क्रूर: त्यातले पत्ते आणि नोंदी रॅममध्ये असतात, सेल पूर्ण संपले की सगळं पुसलं जातं. नवे सेल हाताशी ठेवूनच जुने काढा.

ब्रिक गेमच्या पडद्यावरच्या अर्ध्या रेघा गायब असतील तर आतली झेब्रा पट्टी पाहा. काच आणि बोर्ड यांच्यामधली ही रबरी पट्टी अल्कोहोलने पुसून सरळ बसवली की रेघा परततात. पहिलं यंत्र उघडून शिकायला याच्यासारखं दुसरं नाही, बिघडलं तरी कोणी रडत नाही.

पीएसपी मॅकला मिनी यूएसबीने जोडली की डिस्कसारखी दिसते. जुनं मेमरी स्टिक महाग आणि दुर्मिळ. मायक्रोएसडीचा अडॅप्टर घ्या आणि कार्ड पीएसपीमध्येच फॉरमॅट करा. मॅकने फाइल टाकल्यावर पीएसपीवर 'करप्टेड डेटा' अशा नोंदी दिसल्या तर कार्ड खराब नाही. मॅक प्रत्येक फाइलसोबत बिंदू आणि खालची रेघ लावलेली एक लपलेली फाइल टाकतो, तिला पीएसपी खेळ समजते. टर्मिनलमध्ये 'dot_clean -m' ही आज्ञा कार्डावर चालवली की त्या पुसल्या जातात. पीएसपीचं बॅटरीचं झाकण नीट लागत नसेल तर ती बॅटरीही फुगलेली आहे. तिचं काय करायचं ते वर सांगितलंच आहे.

खेळून झालं की सेल काढा. काढलेले सेल यंत्राच्या शेजारी एकाच पिशवीत ठेवू नका, तिथेही ते गळतात.